सस्कॅचेवान: पट्टीने आखलेला प्रांत

आजचा एपिसोड आत्यामुळे आहे. माझी आतेबहीण जानेवारीत सस्काटूनला शिकायला चाललीय आणि तिकीट काढल्यापासून आत्या मला रोज विचारते, "अरे, तिथे आहे तरी काय?" टोरांटो म्हटलं की डोळ्यांपुढे काहीतरी येतं. सस्काटून म्हटलं की काहीच येत नाही. मीही "थंडी असते, शेती असते" असं थातुरमातुर सांगून सुटत होतो. मग एका रविवारी नकाशा उघडून बसलो. ज्यांना ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी हे लिखित रूप.

सस्काटून हे कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांतातलं सगळ्यात मोठं शहर. राजधानी मात्र रेजायना. प्रांत महाराष्ट्राच्या दुपटीहून मोठा, आणि २०२१ च्या जनगणनेत माणसं किती? ११ लाख ३२ हजार. आपल्या एकट्या नाशिक शहरात याहून जास्त लोक राहतात.

आता याचा आकार बघा. दक्षिणेला ४९ अक्षांश, उत्तरेला ६० अक्षांश, पश्चिमेला ११० रेखांश. कुठे नदी नाही, डोंगर नाही, किनारा नाही. सगळ्या सीमा माणसाने आखलेल्या. असा कॅनडात हा एकच प्रांत आहे. पूर्वेची सीमा सरळ वाटते, पण झूम करा, जिन्यासारख्या बारीक पायऱ्या दिसतील. कारण पृथ्वी गोल. रेखांश उत्तरेकडे जवळ येत जातात आणि चौकोन नीट बसत नाहीत, म्हणून ठरावीक अंतरावर रेघ थोडी सरकवून घ्यावी लागते. कोडमध्ये राउंडिंगची चूक साचत जाते आणि आपण मध्येच ती दुरुस्त करतो ना, अगदी तसंच.

हे चौकोन आले कुठून? १८७२ च्या कायद्याने सरकारने जमीन वाटायला काढली. आधी मोजणी झाली. ६ मैल बाय ६ मैलांचा एक टाउनशिप, त्यात एकेक चौरस मैलाचे ३६ तुकडे, आणि त्याचा पाव भाग म्हणजे १६० एकर. १० डॉलर भरा, तीन वर्षं राहा, घर बांधा, जमीन नांगरा, की ती तुमची. रेल्वेने साधारण ८-१० मैलांवर स्टेशनं टाकली, म्हणजे घोडागाडीत गहू भरून शेतकरी दिवसात जाऊन परत येईल. प्रत्येक स्टेशनपाशी धान्य साठवायचा उंच लाकडी मनोरा. पुढे ट्रक आले, आठ मैलांचं अंतर काहीच राहिलं नाही आणि यातली कितीतरी गावं ओस पडली. खेड्यातल्या रस्त्यांना लोक आजही 'ग्रिड रोड' म्हणतात.

पण ही पाटी कोरी नव्हती. इथे क्री आणि इतर आदिवासी समाज आधीपासून होते. सस्कॅचेवान हे नावच क्री भाषेतलं, अर्थ वेगाने वाहणारी नदी. १८७४ आणि १८७६ साली त्यांच्याशी करार झाले, तेव्हा रानरेडे संपत आले होते, उपासमार दारात होती. दुसरे मेटिस, म्हणजे आदिवासी आणि युरोपीय व्यापारी यांच्या मिश्र वंशातले लोक. त्यांची शेतं नदीला लागून, अरुंद आणि लांबलचक पट्ट्यांची. प्रत्येकाला पाणी मिळावं म्हणून. मोजणीवाले आले ते चौकोन घेऊन. आपले पट्टे त्यात पुसले जातील ही भीती, आणि अर्जांना दाद नाही, हे १८८५ च्या उठावाचं एक मोठं कारण. बटोशला लढाई झाली, मेटिस हरले. त्यांचा नेता लुई रिएल याला त्याच वर्षी १६ नोव्हेंबरला रेजायनात फाशी दिलं. खरं सांगू, मला आधी हा ग्रिड फार सुंदर वाटला होता. हे वाचल्यावर तेवढा नाही वाटला.

प्रांत झाला तो १ सप्टेंबर १९०५ ला. आणि सगळा सपाट आहे हाही गैरसमज बरं का. गव्हाचं मैदान फक्त दक्षिणेत. वर गेलात की निम्मा प्रांत जंगल, खडक आणि हजारो तळी.

आत्याचा दुसरा प्रश्न थंडीचा. प्रिन्स अल्बर्टला १८९३ साली उणे ५६.७ अंश नोंदलंय. आणि याच प्रांतात १९३७ च्या जुलैमध्ये ४५ अंश! एरवी जानेवारीत उणे ३० ची सवय ठेवायची. गाड्यांच्या तोंडातून वायर लोंबताना दिसते. इंजिन गोठू नये म्हणून गाडी रात्री प्लगला लावतात, आपण मोबाईल लावतो तशी.

दवाखान्याचं मात्र आत्याला आवडलं. सगळ्यांसाठी सरकारी आरोग्य विमा कॅनडात पहिल्यांदा इथेच आला, १९६२ साली. डॉक्टरांनी २३ दिवस संप केला, तरी तो टिकला.

आणि आपला संबंध? तो ताटात आहे. कॅनडातला बहुतेक मसूर याच प्रांतात पिकतो. पूर्वी शेतकरी गहू घेऊन पुढच्या वर्षी जमीन पडीक ठेवायचे. १९७० च्या दशकात सस्काटूनच्या विद्यापीठात अल स्लिंकार्ड यांनी तिथल्या हवेला जमणारे वाण काढले. मसूर हवेतला नत्र जमिनीत आणतो, त्यामुळे पडीक वर्षाची जागा या पिकाने घेतली. खाणारे मात्र आपण! २०१७ च्या शेवटी भारताने वाटाण्यावर ५० टक्के आणि मसुरावर ३० टक्के आयातशुल्क लावलं, तेव्हा तिथल्या शेतकऱ्यांचं गणित कोलमडलं. उसाला टाकतो ते पोटॅशही बरंचसं तिथलंच, जमिनीखाली सुमारे एक किलोमीटरवर, प्राचीन समुद्र आटून उरलेलं.

परवा आत्याकडे गेलो तर ती बॅगेत दोन किलो मसूर डाळ भरत होती. म्हटलं, "आत्या, ही कदाचित तिथूनच आलीय." ती म्हणाली, "मग जाऊ दे की माहेरी." भरलीच.

जाता जाता कामाचं एक. सस्कॅचेवानात जवळजवळ सगळीकडे घड्याळ उन्हाळ्यात पुढे करत नाहीत. वर्षभर फरक साडेअकरा तासांचा. म्हणजे आत्याने रात्री साडेआठला फोन लावला की तिथे सकाळचे नऊ, जानेवारीत आणि जूनमध्येही. मी कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवून आलोय.