अंकोरला निदान तीन दिवस द्या

कंबोडियातलं बान्तेय स्रेय हे गुलाबी दगडाचं छोटं शिवमंदिर कधी उभं राहिलं, ते त्याच्या स्थापनेच्या शिलालेखातच नोंदवलेलं आहे: शके ८८९. गुढीपाडव्याला आपल्या पंचांगात जो शक बदलतो, तोच हा शक. त्यात ७८ मिळवले की इसवी सन ९६७ येतं. कंबोडियाच्या ख्मेर राजांनी कित्येक शतकं आपल्या शिलालेखांवर हीच कालगणना वापरली. मेकाँग नदीकाठच्या संबोर इथे सापडलेल्या एका शिळेवर शके ६०५ हा आकडा आहे आणि त्यातलं शून्य एका टिंबाने दाखवलेलं आहे. दशमान पद्धतीतल्या शून्याच्या जगातल्या सर्वांत जुन्या नोंदींमध्ये या टिंबाची गणना होते.

मराठी माणूस ख्मेरांच्या जुन्या राजधानीतल्या, म्हणजे अंकोरच्या देवळांत शिरला की त्याला पावलोपावली ओळखीचं काहीतरी भेटतं. गरुड, शेष, ऐरावत, शरपंजरी भीष्म, लंकेतलं युद्ध. ‘अरे, हे तर सगळं आपलंच!’ हा उद्गार प्रत्येक सहलीत निदान एकदा तरी ऐकू येतो. तो मनापासून आलेला असतो. पण तिथेच थांबलं तर ख्मेर माणूस दिसायचा राहून जातो. त्याने या कथा घेतल्या, आपल्या मातीत रुजवल्या, बदलल्या, नंतर बुद्धाला आपलंसं केलं आणि अगदी अलीकडे एका भयंकर संहारातून स्वतःला सावरलं. चांगली सहल हा सगळा पल्ला दाखवते.

आपल्याकडून निघणाऱ्या बहुतेक सहलींत कंबोडिया व्हिएतनामला जोडून येतो. अंकोरलगतच्या सिएम रीप शहरात दीड-दोन दिवस मिळतात. पहाटे अंकोर वाटचा सूर्योदय, मग बायोन, दुपारी झाडांच्या मुळांनी वेढलेलं ता प्रोम, संध्याकाळी बाजार. यात फोटो भरपूर निघतात, पण ख्मेर साम्राज्याचा सहाशे वर्षांचा क्रम डोळ्यांपुढे उभा राहत नाही. आधी कोणता राजा, नंतर कोणता, शिव कुठे संपला, विष्णू कुठे आला आणि बुद्ध कधी बसला, याचा गोंधळ घेऊनच मंडळी विमानात बसतात.

क्रम लावायचा तर सुरुवात अंकोर वाटपासून करूच नये. सिएम रीपच्या ईशान्येला नॉम कुलेन हा डोंगर आहे. इ. स. ८०२ मध्ये दुसऱ्या जयवर्मन राजाने याच डोंगरावर स्वतःला चक्रवर्ती घोषित केलं असं परंपरा सांगते. हिरण्यदाम नावाच्या ब्राह्मणाने त्या प्रसंगी विधी केले, अशी नोंद अकराव्या शतकातल्या एका शिलालेखात आहे. याच डोंगररांगेत, नदीच्या पात्रातल्या खडकावर शेकडो शिवलिंगं आणि शेषशायी विष्णू कोरलेले आहेत. त्यांच्यावरून वाहत आलेलं पाणी खाली भाताच्या शेतांत जातं. २०१२ साली हेलिकॉप्टरमधून लेझर किरणांनी पाहणी झाली, तेव्हा कुलेनच्या जंगलाखाली आखीव रस्त्यांचं अख्खं शहर दडलेलं दिसलं. महेंद्रपर्वत हे त्याचं नाव शिलालेखांतून आधीच माहीत होतं.

तिथून उतरून रोलुओसला यावं. इथे हरिहरालय ही राजधानी होती. इंद्रवर्मनने ८८१ मध्ये प्रतिष्ठापना केलेलं बाकोंग हे पायऱ्यापायऱ्यांनी चढत जाणारं दगडी मंदिर पाहिलं की अंकोर वाटची कल्पना कुठून सुरू झाली ते सहज कळतं. मेरू पर्वत दगडात उभारायचा आणि भोवती समुद्र म्हणून खंदक खणायचा, ही ती कल्पना. इंद्रवर्मनने पाणी साठवायला प्रचंड तळंही बांधलं. पुढच्या राजांनी तोच कित्ता गिरवला. अकराव्या शतकातलं पश्चिम बाराय हे तळं सुमारे आठ किलोमीटर लांब आणि दोन किलोमीटरांहून जास्त रुंद आहे. पाऊस पाच-सहा महिनेच पडतो अशा प्रदेशात एवढी मोठी नगरी पोसायची, तर पाणी धरून ठेवणं हीच खरी राजनीती होती.

आता अंकोर वाट. बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात दुसऱ्या सूर्यवर्मनने ते विष्णूसाठी बांधलं. भोवतालचा खंदक सुमारे १९० मीटर रुंद आहे आणि मंदिराचं तोंड पश्चिमेला आहे. बहुतेक ख्मेर मंदिरं पूर्वाभिमुख असताना हे पश्चिमेकडे का, यावर अभ्यासकांनी खूप लिहिलं आहे. भिंतींवरची शिल्पंही प्रदक्षिणेच्या उलट दिशेने उलगडत जातात. त्यावरून हे राजाचं स्मारकमंदिर असावं असं काही जण मानतात.

या भिंतींपाशी घाई करू नये. पश्चिमेच्या ओवरीत कुरुक्षेत्र आहे. डावीकडून कौरव, उजवीकडून पांडव येतात. कडेला शिस्तीत चालणारं सैन्य मध्याकडे येताना एकमेकांत मिसळतं आणि तिथे नुसती कापाकापी उरते. दक्षिणेच्या ओवरीत खुद्द सूर्यवर्मनची मिरवणूक आहे. सरदारांची नावं दगडात कोरलेली आहेत, म्हणजे ही खऱ्या माणसांची हजेरीच. त्याच बाजूला पुढे रेड्यावर बसलेला यम आणि त्याचा न्याय. पापी माणसांच्या रांगा खाली ओढल्या जात आहेत आणि कोणता नरक कोणत्या पापासाठी ते ख्मेर भाषेत लिहिलेलं आहे.

पूर्वेला समुद्रमंथन. सुमारे ४९ मीटर लांबीच्या या पट्टीवर एकीकडे असुर, दुसरीकडे देव, मधे विष्णू आणि कूर्म. शेपटीकडच्या टोकाला पाहावं. तिथे वासुकी एका भल्यामोठ्या वानराने धरला आहे. आपल्या पुराणातल्या मंथनात वानर नाही. ख्मेर शिल्पकाराने तो आणला. बहुतेक जण त्याला हनुमान म्हणतात. ख्मेर रामायणात, म्हणजे रिआमकेरमध्ये, हाच हनुमान सेतू बांधताना सोनेरी मत्स्यकन्येच्या प्रेमात पडतो. आपल्या ब्रह्मचारी मारुतीची सवय असलेल्यांना हे ऐकून धक्का बसतो, पण गाइडने ते सांगायलाच हवं.

सहलीचा टूर मॅनेजर मराठी असला तरी मंदिरांत माहिती सांगण्याचं काम परवाना असलेल्या स्थानिक गाइडकडे असतं, आणि ते योग्यच आहे. अंकोर वाट हे आजही जिवंत मंदिर आहे. वरच्या मजल्यावर बुद्धमूर्तीपुढे उदबत्त्या लागलेल्या असतात, भिक्षू येऊन जाऊन असतात. आंरी मूओ या फ्रेंच प्रवाशाने १८६० मध्ये अंकोर ‘शोधलं’ हे अजूनही सर्रास सांगितलं जातं. अंकोर वाट मात्र कधीच ओस पडलेलं नव्हतं. राजधानी दक्षिणेकडे गेल्यावरही ख्मेर बौद्ध तिथे पूजेला येतच राहिले.

सूर्यवर्मननंतर शेजारच्या चंपा राज्याच्या सैन्याने ११७७ मध्ये राजधानी लुटली. त्या पडझडीतून सातवा जयवर्मन वर आला. ११८१ मध्ये राज्यावर बसलेला हा राजा महायान बौद्ध होता, आणि त्याच्या कामाचा झपाटा थक्क करणारा आहे. अंकोर थोम नगरी, चारी दिशांना पाहणाऱ्या विशाल चेहऱ्यांचं बायोन, आईच्या स्मरणार्थ ता प्रोम, वडिलांच्या स्मरणार्थ प्रेआ खान, रस्ते, धर्मशाळा. ता प्रोमच्या शिलालेखात राज्यभरातल्या १०२ आरोग्यशाळांची नोंद आहे. त्याच लेखात मंदिराशी संबंधित माणसांची मोजदाद आहे आणि तीत ६१५ नर्तकी आहेत. जयवर्मनची राणी इंद्रदेवी स्वतः विदुषी होती. तिने संस्कृतात रचलेली प्रशस्ती आजही उपलब्ध आहे. बाराव्या-तेराव्या शतकातल्या राणीची स्वतःची रचना दगडावर टिकून राहावी, हे साऱ्या आशियातच दुर्मीळ आहे.

बायोनमध्ये नुसते चेहरे पाहून परत फिरणाऱ्यांचा खरा तोटा होतो. खालच्या ओवरीच्या भिंतींवर देव कमी आणि माणसं जास्त आहेत. मासळी विकणाऱ्या बाया, कोंबड्यांच्या झुंजीवर पैज लावणारे पुरुष, बाळंत होणारी स्त्री, मोठ्या कढईत शिजणारं अन्न. १२९६ मध्ये आलेला चिनी दूत चौ ताक्वान याने इथला व्यापार बायका सांभाळतात असं लिहून ठेवलं आहे. सिएम रीपच्या भाजीबाजारात सकाळी एक फेरी मारली तर त्याचं म्हणणं अजून खरं वाटतं.

भारताचाही इथे अलीकडचा हात आहे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने १९८६ ते १९९३ या काळात अंकोर वाटवर काम केलं. देशात अजून यादवी चालू होती, तेव्हाची ही गोष्ट. नंतर त्यांनी ता प्रोम हाती घेतलं. तिथल्या नर्तकींच्या दालनाचं जीर्णोद्धाराचं काम २०२२ मध्ये पूर्ण झालं.

सहलीत सगळ्यांत जास्त वाद राजधानी नॉम पेनवरून होतो. ‘सुट्टीत असलं कशाला पाहायचं?’ असं म्हणून अनेक जण तुओल स्लेंग टाळायला सांगतात. टाळू नये. १७ एप्रिल १९७५ रोजी ख्मेर रूज या कम्युनिस्ट संघटनेने राजधानी ताब्यात घेतली आणि शहर रिकामं करून लोकांना शेतावर हाकललं. ७ जानेवारी १९७९ पर्यंत उपासमार, रोगराई, वेठबिगारी आणि कत्तल यांत सुमारे १७ लाख माणसं गेली. तुओल स्लेंग ही मूळची शाळा; तिच्या वर्गखोल्यांचं कैदखान्यात रूपांतर झालं. कैद्यांचे काढलेले फोटो आज भिंतींवर ओळीने लावलेले आहेत. या राजवटीच्या लाल झेंड्यावरही अंकोरचीच शिखरं होती. ज्यांनी बायोनच्या भिंतीवरची हसतीखेळती माणसं पाहिली आहेत, त्यांना या खोल्यांत काय हरवलं ते जास्त कळतं. युनेस्कोने २०२५ मध्ये तुओल स्लेंगचा जागतिक वारशात समावेश केला.

त्या पावणेचार वर्षांत राजदरबारी नृत्य करणारे कलाकार जवळजवळ संपले. दहातले नऊ गेले असं मानलं जातं. हे नृत्य लिहून ठेवलेलं नव्हतं, ते शरीरात होतं. वाचलेल्या मोजक्या गुरूंनी १९७९ नंतर मुलींना गोळा करून आठवेल तसं शिकवलं. त्यांतल्या एक चिया सामी. त्या ख्मेर रूजचा नेता पोल पॉट याच्या मोठ्या भावाची पत्नी होत्या आणि त्यांनी स्वतः तो छळ सोसला होता. लेखक अमिताव घोष यांनी त्यांना भेटून त्यांच्यावर लिहिलं आहे. सिएम रीपमधल्या हॉटेलांत जेवताना अप्सरा नृत्य दाखवतात, तेव्हा ताटावर मान घालून बसलेल्या पाहुण्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

राष्ट्रीय संग्रहालय नॉम पेनमध्येच आहे आणि तिथल्या दोन मूर्तींची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. कोह केर या दहाव्या शतकातल्या राजधानीतल्या एका देवळात भीम आणि दुर्योधनाचं गदायुद्ध पूर्णाकृती मूर्तींत उभं केलं होतं. चोरांनी १९७०च्या दशकात मूर्ती घोट्यापासून तोडून नेल्या. पाय तेवढे जागेवर राहिले. दुर्योधन २०११ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावापर्यंत पोचला होता. त्या उरलेल्या पायांमुळेच चोरी सिद्ध करणं सोपं गेलं, आणि २०१४ मध्ये भीम आणि दुर्योधन दोघेही मायदेशी आले.

खाण्याबद्दल थोडं. गवती चहा, गलांगल आणि हळद कुटून केलेलं वाटण आणि नारळाचं दूध ख्मेर स्वयंपाकात भरपूर असतं, त्यामुळे कोकणी जिभेला ते परकं वाटत नाही. मात्र मासे आंबवून केलेलं प्राहोक आणि माशांचा रस कुठेही असू शकतो. शाकाहारी मंडळींनी आधीच स्पष्ट सांगावं. सहलीत रोज पोळी-भाजी मिळाली तरी एक जेवण स्थानिक ठेवायला हरकत नाही. बान्तेय स्रेयच्या वाटेवर बायका ताडाचा रस आटवून गूळ करतात, तो गरम असतानाच चाखावा.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा कोरडी आणि सुसह्य असते. देवळांत खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. अंकोर वाटच्या वरच्या मजल्याचा जिना फार उभा आहे, गुडघे दुखणाऱ्यांनी हट्ट करू नये. थायलंडच्या सीमेवर २०२५ मध्ये लढाई झाली आहे, म्हणून तिथल्या डोंगरकड्यावरचं प्रेआ विहार मंदिर कार्यक्रमात असेल तर निघण्यापूर्वी चौकशी करावी.

पैसे भरण्याआधी सहल कंपनीकडून कार्यक्रमपत्रिका मागून घ्या आणि सिएम रीपचे दिवस मोजा. अंकोरचं एका दिवसाचं तिकीट ३७ डॉलरचं, तीन दिवसांचं ६२ डॉलरचं. प्रत्येक तिकिटातले दोन डॉलर कांथा बोफा या मुलांच्या मोफत रुग्णालयांना जातात. पत्रिकेत एकाच दिवसाचं तिकीट धरलेलं असेल, तर रोलुओस आणि कुलेनसाठी आणखी दोन दिवस वाढवून मागा. दहा-पंधरा जणांनी मिळून मागितलं तर कार्यक्रम बदलता येतो.