पाटा बसतो तेव्हा

राणीसावरगावच्या एका शाळकरी वाचकानं विचारलंय: ट्रकच्या गेममध्ये मी कठड्याला जोरात धडकलो. पडद्यावर 'डॅमेज' वाढलं, पण ट्रकला साधा पोचाही पडला नाही. असं का?

२०१२ साली आलेल्या 'युरो ट्रक सिम्युलेटर २'मध्ये ट्रकचा सांगाडा न वाकणारा धरलेला आहे. धडक बसली की इंजिन, चेसिस, केबिन यांच्या नावावर टक्के चढतात, आकार बदलत नाही. शेकडो मैल ट्रक हाकण्याच्या खेळाला ते पुरतं. पण खरी मोडतोड टक्क्यांत होत नाही, ती कुठल्यातरी एका जागी होते. उसानं ठासून भरलेल्या ट्रकचा पाटा, म्हणजे चाकांवरची पोलादी पट्ट्यांची कमानदार स्प्रिंग, तुटतो तो बहुधा मधल्या बोल्टच्या भोकापाशी, कारण ताण तिथंच एकवटतो.

'बीमएनजी ड्राइव्ह' हा खेळ इथं वेगळा ठरतो. त्यात गाडी म्हणजे वजन असलेले असंख्य बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या स्प्रिंगा. सेकंदाला २००० वेळा त्यांचं गणित होतं. प्रत्येक जोडाला दोन मर्यादा असतात: पहिली ओलांडली की जोड वाकलेलाच राहतो, दुसरी ओलांडली की तुटतो. 'पाटा बसला' आणि 'पाटा तुटला' यात गॅरेजमध्ये जो फरक करतात, तोच हा.

स्प्रिंगांच्या या साऱ्या गणिताच्या मुळाशी शास्त्रज्ञ रॉबर्ट हूक आहे, आणि हूकबद्दल लिहायला मला निमित्तच हवं असतं. जेवढा ताण तेवढी वाढ, हा नियम त्याला सापडला. पण श्रेय दुसऱ्यानं लाटू नये म्हणून १६७६ साली त्यानं तो नियम सांगणाऱ्या लॅटिन वाक्याची १४ अक्षरं नुसती वर्णानुक्रमानं लावून छापली! उलगडा केला १६७८ मध्ये. न्यूटनच्या झगमगाटात हा माणूस इतका झाकोळला की त्याचं खात्रीचं एकही चित्र आज आपल्याकडे नाही. गेमच्या जाहिरातींत 'अस्सल फिजिक्स' असं मोठ्या अक्षरांत लिहितात, तिथं त्याचं नाव यायला हवं.

तर मित्रा, एक कर. रिकाम्या ट्रकच्या मागच्या पाट्यांची कमान रस्त्याच्या कडेला उभं राहून नीट बघून ठेव. ऊस भरल्यावर ती किती सपाट होते ते बघ. कारखान्यावर खाली होऊन तोच ट्रक परतला की तिसऱ्यांदा बघ. कमान पहिल्यासारखी वर आली असेल, तर पहिली मर्यादा अजून ओलांडलेली नाही.