गडगडणाऱ्या धुराच्या गावी एक दिवस

शाळेची सहल म्हटली की वेरूळ, प्रतापगड, फार तर गोवा! आज मात्र आपण जरा लांबचा बेत आखू या. तुमचा वर्ग आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागातील झांबिया या देशात, लिव्हिंग्स्टन नावाच्या गावी येऊन पोहोचला आहे, महिना एप्रिलचा आहे आणि आज पौर्णिमा आहे, असे समजा. पौर्णिमा मुद्दाम निवडली आहे. तिचे काम रात्री पडणार आहे.

सकाळी बस गावाबाहेर पडते. धबधबा दिसण्यापूर्वी दिसतो तो धूर! निरभ्र आकाशात शेकडो मीटर उंच चढणारे पांढरे लोट. जवळ जावे तसा एक घुमणारा आवाज कानांपेक्षा पायांनाच आधी जाणवू लागतो. येथील लोकांनी याला 'मोसी-ओआ-तुन्या', म्हणजे 'गडगडणारा धूर' म्हटले, ते किती अचूक आहे! १६ नोव्हेंबर १८५५ रोजी डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांनी तो पाहिला आणि आपल्या राणीचे नाव त्याला दिले. भूगोलाच्या पुस्तकांत तो 'व्हिक्टोरिया धबधबा' झाला. १९८९ साली जागतिक वारशाच्या यादीत मात्र दोन्ही नावे लागली आणि त्यांत जुने नाव पहिले आहे.

आता रेनकोट चढवा. छत्रीचा उपयोग नाही, कारण येथे पाऊस खालूनही येतो! झांबेझी नदी १,७०८ मीटर रुंदीच्या कड्यावरून एकदम एका अरुंद घळीत कोसळते. सर्वांत जास्त उंची १०८ मीटर. हवेचा रोध सोडून दिला तर वरचे पाणी तळाला पोहोचायला किती वेळ लागेल? वहीत करून पाहा. उत्तर सुमारे ४.७ सेकंद यायला हवे. लिव्हिंग्स्टन यांनी पहिल्या भेटीत ही खोली अवघी १०० फूट धरली होती. १८६० साली ते परत आले, दोरीला बंदुकीच्या गोळ्या व पांढरे कापड बांधून ती खाली सोडली, आणि पहिला अंदाज किती चुकला होता ते त्यांना स्वतःलाच कळले. नजरेच्या अंदाजापेक्षा साधी दोरी बरी, ती अशी!

समोरचा काळा खडक नीट पाहा. ओळखीचा वाटतो ना? तो बेसाल्ट आहे, आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण आहे त्याच जातीचा. मात्र आपला लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, आणि हा सुमारे अठरा कोटी वर्षांपूर्वीचा. तो वाहिला तेव्हा भारत व आफ्रिका गोंडवन या एकाच महाखंडाचे भाग होते. लाव्हा थंड होऊन आकसला, त्याला भेगा पडल्या आणि त्यांत मऊ गाळ भरला. नदीला अशी आडवी भेग सापडली की ती गाळ उकरून काढते व तेथे धबधबा तयार होतो. पुढे तिला मागची दुसरी भेग सापडते आणि धबधबा मागे सरकतो. आजच्या धबधब्याच्या खाली नागमोडी वळणांच्या ज्या घळी दिसतात, त्या म्हणजे त्याच्या पूर्वीच्या जागाच होत! पश्चिम टोकाला कड्याचा एक भाग इतरांपेक्षा बराच खाली कापला गेला आहे. पुढचा धबधबा तेथून सुरू होत आहे.

घळीवर १९०५ साली बांधलेला रेल्वेचा पोलादी पूल आहे. दोन्ही काठांकडून पुढे आणलेल्या कमानी मध्यभागी जोडायच्या, तर दिवसाच्या उष्णतेने पोलाद वाढलेले. टोके थोडी एकमेकांवर चढत होती. रात्रीच्या गारव्यात पोलाद आकसले आणि सकाळी जोड नेमका बसला. प्रसरणाचा धडा शिकवताना शिक्षकांनी हे उदाहरण जरूर द्यावे.

मात्र हे भरलेले पाणी पाहून फसू नका. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आला असता तर झांबियाच्या बाजूचा बराचसा कडा कोरडा दिसला असता. आधीच पाणी कमी. त्यातून १०८ मेगावॅटच्या जलविद्युत केंद्रासाठी काही पाणी धबधब्याच्या वरूनच वळवले जाते. दुसरीकडे २०२४ च्या दुष्काळात खालच्या करिबा धरणातील पाणी इतके उतरले, की देशात दिवसाचा बराच काळ वीज नव्हती. पाणी कड्यावरून पडू द्यावे की जनित्रातून न्यावे? रुग्णालयात दिवे हवेत, आणि धबधब्यावर पोट असणारी माणसेही याच गावात राहतात. वर्गात वाद घाला. उत्तर सोपे नाही.

दुपारी वस्तुसंग्रहालय. येथे १९२१ साली काबवे येथील खाणीत सापडलेल्या प्राचीन मानवी कवटीची प्रतिकृती आहे. भुवयांवरील हाडाचा जाड कंगोरा पाहा. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार तिचे वय सुमारे तीन लक्ष वर्षे. मूळ कवटी मात्र लंडनला आहे. झांबिया अनेक वर्षे ती परत मागत आहे. आपल्याच देशात सापडलेल्या प्राचीन मानवाचे दर्शन घ्यायला येथील मुलांनी लंडनला जावे, हे मला तरी पटत नाही.

लिव्हिंग्स्टन यांच्या वस्तू पाहताना एका नावाची आठवण ठेवा: जेकब वेनराइट. गुलामांच्या जहाजातून सोडवलेला हा आफ्रिकी मुलगा आपल्या नाशिकला, शरणपूरच्या आश्रमात शिकला. १८७३ साली झांबियातच लिव्हिंग्स्टन वारले. सोबत्यांनी त्यांचे हृदय एका झाडाखाली पुरले, आणि लिहिता-वाचता येणाऱ्या जेकबने त्या झाडावर लेख कोरला. मग या लोकांनी तो देह दीड हजार कि. मी. हून अधिक अंतर चालत समुद्रापर्यंत नेला. शाळेच्या पुस्तकात शोध लावणाऱ्याचे नाव असते, त्याला वाहून आणणाऱ्यांचे नसते.

तिसऱ्या प्रहरी मुकुनी गावात जाऊ. लेया लोकांचे हे गाव. मातीच्या भिंती, गवताची शाकारणी, झाडाखाली लाकूड कोरत बसलेले कारागीर. ओंजळीसारखे हात करून हलकेच टाळी वाजवायची, हा येथला नमस्कार. सकाळी भेटलो असतो तर टोंगा भाषेत 'मवाबुका बुती?', म्हणजे 'कसे उठलात?' असे म्हटले असते. हात धुवा, जेवण 'न्शिमा'चे आहे: मक्याच्या पिठाची घट्ट उकड. उजव्या हाताने गोळा करायचा, बोटाने खळगा पाडायचा आणि त्यात भाजी किंवा सुकी मासळी घ्यायची. मका हा अमेरिकेतून आलेला पाहुणा. त्याआधी येथे ज्वारी-बाजरीच होती. आणि ज्वारी मूळची आफ्रिकेचीच! तेथूनच ती फार प्राचीन काळी आपल्याकडे आली. तुमच्या डब्यातली भाकरी या खंडाची देणगी आहे, हे यजमानांना सांगा. 'ट्वालुम्बा' म्हणजे धन्यवाद, हेही विसरू नका.

रात्री पुन्हा धबधब्यावर. पौर्णिमेला उद्यान रात्रीही उघडे ठेवतात. चंद्राकडे पाठ करून उभे राहा. तुषारांच्या पडद्यावर एक फिकट पांढरी कमान उमटलेली दिसेल. हे चांद्र इंद्रधनुष्य! दिवसाच्या इंद्रधनुष्यासारखेच तेही चंद्राच्या विरुद्ध बिंदूपासून सुमारे ४२ अंशांवर असते. मग रंग कोठे गेले? ते आहेत, पण इतक्या मंद प्रकाशात आपल्या डोळ्यांतील रंग ओळखणाऱ्या पेशी नीट काम करीत नाहीत. अंधुक उजेडात पाहणाऱ्या दुसऱ्या पेशींना सारे करडेच दिसते. कॅमेरा तिवईवर ठेवून त्याचे झाकण काही सेकंद उघडे ठेवा, म्हणजे छायाचित्रात तांबड्यापासून जांभळ्यापर्यंतचे सगळे पट्टे उतरतील. मात्र भिंगावरचे पाणी दर वेळी पुसावे लागेल.