खडकातील हाडांची भिंत

सॉल्ट लेक सिटी ही अमेरिकेतील युटा राज्याची राजधानी. तेथून एखादे कुटुंब सकाळी मोटारीने पूर्वेकडे निघाले, तर सुमारे २८० किलोमीटर अंतरावरील व्हर्नल या गावी ते दुपारपर्यंत पोहोचते. डोंगर मागे पडले की हिरवा रंगही मागे पडतो. रस्त्याच्या दुतर्फा सेजब्रश नावाची करडी, खुजी झुडपे आणि त्यांच्या पलीकडे तांबड्या, पिवळट व राखी थरांचे उघडे खडक दिसू लागतात. येथे पाऊस फार थोडा. त्यामुळे दाट झाडी नाही आणि खडकांवर मातीचे जाड पांघरूणही नाही. गाडीत बसून कंटाळलेल्या मुलांना हा प्रदेश अगदी रिकामा वाटतो. जीवाश्म शोधणाऱ्याला मात्र असाच प्रदेश हवा असतो. घनदाट अरण्याखाली दडलेले हाड कोणास दिसणार?

व्हर्नलच्या पुढे आणखी सुमारे ३० किलोमीटर गेल्यावर 'डायनोसॉर राष्ट्रीय स्मारक' लागते. तेथील टेकडीवरच्या एका प्रशस्त इमारतीची एक बाजू विटांची नाही की काचेची नाही. ती आहे प्रत्यक्ष खडकाची. त्या खडकात सुमारे पंधराशे हाडे अर्धी उघडी, अर्धी रुतलेली दिसतात. कोठे मणक्यांची माळ, कोठे बरगड्या, कोठे माणसाच्या उंचीशी स्पर्धा करणारे मांडीचे हाड, तर कोठे लांब मानेवरची लहानशी कवटी. 'ही खरी आहेत का?' असे मुलांनी विचारावे हे साहजिकच आहे, कारण संग्रहालयांतून पुष्कळदा साच्यात घडविलेल्या प्रतिकृती मांडलेल्या असतात. येथील हाडे खरी आहेत. त्यांतील काहींना हात लावण्याचीही मुभा आहे.

इतकी हाडे एके ठिकाणी आली कशी? सुमारे पंधरा कोटी वर्षांपूर्वी हा प्रदेश सपाट होता व त्यातून नद्या वाहत होत्या. नेचे व सूचिपर्णी वृक्ष होते. गवत मात्र पृथ्वीवर अद्याप उगवलेच नव्हते. शास्त्रज्ञांचे अनुमान असे, की मोठा दुष्काळ पडला तेव्हा तहानेने व्याकूळ झालेले प्राणी आटत्या नदीपाशी गोळा झाले आणि तेथेच मेले. पुढे पूर आला. त्याने ती कलेवरे वाहून नेऊन एका वळणावर लोटली आणि वाळूखाली गाडून टाकली. डिप्लोडोकस व स्टेगोसॉरस हे वनस्पती खाणारे आणि त्यांचा वैरी अ‍ॅलोसॉरस, असे सारे एकाच वाळूत विसावले. जमिनीत मुरणाऱ्या पाण्यातील खनिजे हाडांच्या सूक्ष्म छिद्रांत साचत गेली. हाडांचा आकार तसाच राहून त्यांचा दगड झाला. वाळूचाही वालुकाश्म झाला. कोट्यवधी वर्षांनंतर पर्वत उचलले गेले, तेव्हा हा आडवा थर त्यांच्याबरोबर वर येऊन तिरपा झाला. म्हणून नदीचा जुना तळ आज भिंतीसारखा उभा दिसतो.

पिट्सबर्ग येथील कार्नेगी संग्रहालयाचे शास्त्रज्ञ अर्ल डग्लस १७ ऑगस्ट १९०९ रोजी या टेकड्यांतून हिंडत असता त्यांना शेपटीचे आठ मणके ओळीने जुळलेले दिसले. तो अ‍ॅपॅटोसॉरसचा सांगाडा निघाला. डग्लस यांनी पत्नीला व तान्ह्या मुलाला त्या निर्जन प्रदेशात बोलावून घेतले आणि तेथेच बिऱ्हाड केले. हाडे प्लॅस्टरमध्ये गुंडाळून घोडागाड्यांनी दूरच्या रेल्वे स्थानकापर्यंत न्यावी लागत. अशी तीनशे टनांहून अधिक सामग्री पिट्सबर्गला गेली. दुसऱ्या कोणी ही जागा बळकावू नये, म्हणून खाणीचा हक्क मागितला गेला. पण जीवाश्म म्हणजे खनिज नव्हे, असे सांगून सरकारने तो नाकारला. अखेर ४ ऑक्टोबर १९१५ रोजी राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी तेथील ८० एकर जमीन राष्ट्रीय स्मारक म्हणून घोषित केली.

डग्लस यांच्या थोरवीची खरी खूण पुढेच आहे. ज्या हातांनी वर्षानुवर्षे हाडे काढून पाठविली, त्यांनीच १९२३ साली एका पत्रात सुचविले, की आता उरलेली हाडे काढू नयेत. ती खडकात जशी आहेत तशीच उघडी करून त्यांवर छप्पर घालावे आणि लोकांना दाखवावी. हा विचार दूरदृष्टीचा होता. संग्रहालयात सांगाडा उभा करता येतो. परंतु कोणाचे हाड कोणाच्या शेजारी पडले, पुराने शेपटी कोणत्या दिशेला वळविली, हे सारे खडकातच वाचावे लागते. डग्लस १९३१ साली वारले. त्यांच्या कल्पनेतील इमारत १९५८ साली उभी राहिली.

तीही सुखाने उभी राहिली नाही. या टेकडीतील काही थर ज्वालामुखीच्या प्राचीन राखेपासून बनलेल्या चिकणमातीचे आहेत. ही माती पाण्याने फुगते आणि वाळली की आकसते. वाळवंटात पाऊस थोडा, पण तेवढाही तिला पुरला. पाया हलला, भिंतींना तडे गेले आणि २००६ साली इमारत बंद करावी लागली. मग भाग पाडून नवे बांधकाम झाले आणि २०११ साली हाडांची भिंत लोकांना पुन्हा पाहता येऊ लागली. या खेपेस पायाचे खांब त्या फसव्या मातीतून आरपार खाली, पक्क्या खडकापर्यंत नेऊन रोवले आहेत.