मरळीच्या अंगावरचे लाल डाग

दिवाळीनंतर पाणी गार होऊ लागलं की मरळीच्या अंगावर लाल ठिपके दिसू शकतात. पुढे खवले गळतात, खोल जखम होते, कधी हाडही उघडं पडतं. हा रोग म्हणजे ‘एपिझूटिक अल्सरेटिव्ह सिंड्रोम’. 1971 मध्ये तो जपानमध्ये आढळला आणि 1988 मध्ये ईशान्येकडून भारतात शिरला.

कारण आहे ‘अ‍ॅफॅनोमायसिस इन्व्हाडन्स’. हा दिसतो बुरशीसारखा, पण खरी बुरशी नव्हे. आजारी माशाच्या जखमेतून त्याचे बीजाणू पाण्यात सुटतात. त्यांना दोन शेपट्या असतात, त्यामुळे ते पोहत नव्या माशापर्यंत जातात. जाळ्याने खरचटलेली किंवा पावसाच्या आम्लधर्मी पाण्याने सोललेली कातडी त्यांना आत शिरायला पुरते. 18 ते 22 अंशांचं पाणी रोगाला सर्वांत पोषक. तेव्हा माशाची प्रतिकारशक्तीही मंदावलेली असते. मरळ लवकर बळी पडते, तिलापिया आणि सायप्रिनस मात्र बहुधा तगतात.

मोर्शीजवळचं अप्पर वर्धा धरण असो वा महानचं काटेपूर्णा, धरण आणि त्याच्या आसपासची गावतळी पुरात एकमेकांपासून वेगळी राहतीलच असं नाही; पुराबरोबर रोगही पसरू शकतो. पण त्याहून मला जास्त धास्ती वाटते ती ओल्या जाळ्याची, डब्यांची आणि न तपासता आणलेल्या बोटुकलीची. एका तळ्यातलं जाळं कडक उन्हात पूर्ण वाळवल्याशिवाय दुसऱ्यात टाकू नये. मेलेला मासा काठावर फेकू नका, पाण्यापासून दूर चुना टाकून पुरा. तळं आटलं की तळ वाळवून चुना मारावा.