फिन्स: कडक म्हणजे सरस नव्हे

फ्रीडायव्हिंगसाठी (टाकीशिवाय, एका श्वासावर मारायची बुडी) पायात घालायचे फिन्स घेताना अनेकजण सर्वांत कडक पातं निवडतात. ते पाणी जास्त ढकलतं, हे खरं. पण ते वाकवताना मांड्या थकतात आणि शरीरातला मोजका ऑक्सिजन लवकर संपतो. चढावर सायकल जड गिअरमध्ये रेटावी, तसंच हे. बहुतेकांना मऊ किंवा मध्यम पातं पुरतं. (फ्रीडायव्हर विल्यम ट्रुब्रिज २०१६मध्ये बहामात १०२ मीटर खोल गेला, तेही फिन्सविना!)

कार्बनचं पातं हलकं, वाकून झटकन सरळ होणारं. मात्र खडकावर आपटलं तर तडकू शकतं. म्हणून खडकाळ किनाऱ्यावर भाल्याने मासे मारणारे बरेचजण प्लास्टिकच पसंत करतात.

पात्याआधी फूट पॉकेट (पाऊल बसतं तो रबरी भाग) तपासावं. सैल असेल तर जोर वाया जातो, घट्ट असेल तर पायात गोळे येतात.