लिलावातला ट्रक आणि पास्कलचा नियम

अमेरिकेत लष्कराने मोडीत काढलेले ट्रक लिलावात निघतात आणि हौशी माणसे ते विकत घेतात. त्यांपैकी ‘एम-३५ए२’ हा तीन आसांचा ट्रक फार लोकप्रिय. रिकामा असतानाच त्याचे वजन सुमारे ६ टन भरते! त्याच्या इंजिनात हवा दाबून तिचे आकारमान बाविसाव्या हिश्शाएवढे करतात. त्यामुळे ती इतकी तापते, की ठिणगीवाचूनच इंधन पेटते. डिझेल नसेल तर रॉकेल चालते, अडचणीच्या वेळी पेट्रोलसुद्धा.

गिऱ्हाईक भाळते ते या इंजिनावर. खरे तर त्याने आधी ट्रकखाली वाकून ब्रेकच्या नळ्या पाहाव्यात.

बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्वत्र सारखाच पोचतो, हा पास्कलचा नियम तुम्ही शिकलाच आहात. या ट्रकमध्ये पायाच्या जोराला दाबलेल्या हवेची मदत मिळते. पण चाकांपर्यंत दाब नेतो तो द्रवच, आणि त्याचा मार्ग एकच आहे. एखादी रबरी नळी फुटली, की द्रव बंदिस्त राहत नाही आणि सगळ्या चाकांचे ब्रेक एकदम निकामी होतात. (आजच्या मोटारींत असे दोन स्वतंत्र मार्ग असतात.) शिवाय ट्रक वर्षानुवर्षे नुसता उभा असला, तरी रबर जुने होतच असते.

ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या या ट्रकची गतिज ऊर्जा किती? सुमारे १५ लक्ष जूल. ताशी ४० ला ती चौथाई होते. हातब्रेक आहे, पण तो ट्रक उभा ठेवण्यापुरता. म्हणून जाणते मालक नळ्या आधी बदलतात. काही जण दोन मार्गांचा मास्टर सिलिंडरही बसवून घेतात. रंगकाम त्यानंतर.